ऑनलाइन पोकर: नवख्याने खेळाची एक शैली कशी पक्की करावी?

किलवरचा_गुलाम (अजनी, नागपूर)
मंडळी, मी सध्या टेक्सास होल्डेम शिकून राहिलो, म्हणजे पोकरचा तो प्रकार ज्यात हातात दोन पत्ते आणि मधे सगळ्यांचे मिळून पाच. मोबाइलवर, सहा जणांच्या टेबलवर. कोणता हात कोणत्या हातावर भारी, ब्लाइंड (वाटण्याआधीची सक्तीची रक्कम) कोणी लावायचे, बोली कशी फिरते, हे सगळं आता अंगवळणी पडलं आहे. अडचण पुढची आहे. माझा खेळ रोज बदलतो. एका व्हिडिओत कोणी सांगतं की चांगले पत्ते येईपर्यंत शांत बसा, की त्या रात्री मी फोल्डशिवाय (पत्ते टाकण्याशिवाय) काही करत नाही. दुसऱ्या रात्री एखादा गडी धडाधड रेझ करून (बोली वाढवून) टेबल मोकळं करताना दिसतो, आणि मग मीही तसाच सुटतो.

माझे प्रश्न असे: शैली आपल्या स्वभावाप्रमाणे निवडायची, की आधी एक ठरावीक पद्धत घोटायची? आणि हरायला लागलो तर पद्धत चुकते आहे की पत्तेच वाईट येऊन राहिले, हे ओळखायचं कसं?

संत्रानगरी
पैशांवर खेळत नाहीस ना भाऊ? आधी ते सांग, मग बाकीचं.

किलवरचा_गुलाम
नाही दादा. ॲपच्या फुकट चिप्स. शिवाय खामल्यात मित्राच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जण बसतो, तिथे आगपेटीच्या काड्या.

सिव्हिल_लाइन्स
छान. तरी नवीन वाचकांसाठी लिहून ठेवतो, कारण असे धागे शोधत बरेच जण येतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आधी वर्षानुवर्षे कोर्टात चालायचा. या कायद्याने दोन्ही प्रकार एकाच रांगेत बसवले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. पण म्हणून व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जाऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

फुकट चिप्सवर शिकायला काहीच हरकत नाही. चालू द्या चर्चा.

मेधा_धरमपेठ
किलवरचा_गुलाम, मला वाटतं तू प्रश्न एक पायरी वरचा विचारतो आहेस. नवख्याने आक्रमक की सावध हे ठरवायचंच नसतं. कोणत्या जागेवरून कोणते पत्ते घेऊन हातात उतरायचं, एवढंच ठरवायचं. ते एकदा पक्कं झालं की निम्मी शैली आपोआप तयार होते.

जागेचं महत्त्व एवढ्यासाठी की बटनवर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, बसलेला माणूस फ्लॉपनंतर (मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर) प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं ते पाहून त्याला निर्णय घेता येतो. बिग ब्लाइंडच्या (दोन ब्लाइंडपैकी मोठी लावणाऱ्याच्या) लगेच डावीकडे बसलेल्याला मात्र पाचही जणांचा काही अंदाज नसताना बोलावं लागतं. त्यामुळे तेच दोन पत्ते एका जागेवर सोडायचे असतात आणि दुसऱ्या जागेवर रेझ करायचे असतात.

त्या पहिल्या जागेसाठी मी नवीन लोकांना ही यादी देते: सत्तीच्या जोडीपासून एक्क्याच्या जोडीपर्यंत सगळ्या जोड्या. सुटेडमध्ये (दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे) एक्क्यासोबत राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी. ऑफसूटमध्ये (वेगळ्या चिन्हांचे) एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम. आणि सुटेड राजा-राणी. आता मोजून बघ. आठ जोड्या, प्रत्येक जोडी 6 प्रकारे येते, झाले 48. सुटेड एक्क्याचे चार हात, प्रत्येकी 4, झाले 16. ऑफसूटचे तीन, प्रत्येकी 12, झाले 36. राजा-राणीचे 4. बेरीज 104. दोन पत्त्यांचे एकूण प्रकार 1,326. म्हणजे आठ टक्क्यांच्याही जरा आत. अनुभवी लोक सहा जणांच्या टेबलवर याहून बरंच जास्त खेळतात, तेही बरोबर आहे. पण त्यांना फ्लॉपनंतरचे अवघड निर्णय घेता येतात. तुला अजून यायचे आहेत. बटनकडे सरकत जाशील तशी यादी वाढवत ने, बटनवर तर याच्या चौपट हात खेळलास तरी चालेल.

आणखी दोन गोष्टी. हातात उतरायचं तर रेझ करूनच, नुसता कॉल करून (समोरच्याइतकीच रक्कम भरून) आत शिरायचं नाही. आणि रेझची रक्कम पत्त्यांप्रमाणे बदलायची नाही. भारी पत्त्यांना मोठा रेझ, हलक्यांना छोटा असं केलंस की टेबलला तुझे पत्ते उघडे दिसतात.

अजनीकर
+1. मेधाताई, वाचनखूण साठवली आहे.

तर्रीवाला_पोहा
ताईंचं गणित पक्कं आहे, पण फुकट चिप्सच्या टेबलावर बसून पाहा एकदा. तिथे कोणी फोल्ड करतच नाही! बिग ब्लाइंडच्या तिप्पट रेझ करा नाहीतर दसपट, चार जण मागे येतातच. कोणाच्या हातात सत्ती-दुर्री असते, तोही म्हणतो "पाहू तरी फ्लॉप काय येतो ते". एक्क्याची जोडी एका अनोळखी हातासमोर 85 टक्के वेळा जिंकते. समोर चार जण असले की निम्म्याच्या जेमतेम वर राहते. मग पोरगा म्हणतो, यादीप्रमाणे खेळलो तरी हरलोच.

माझं म्हणणं असं की शैली टेबलाकडे पाहून ठरते. जिथे सगळे कॉल करतात तिथे ब्लफ शून्य. चांगले पत्ते आले की रेझ मोठा ठेवायचा, पाच-सहा पट, आणि हात लागला की प्रत्येक फेरीत चिप्स लावत जायचं. लाजायचं नाही. ते देतात तर घ्यायचं.

मेधा_धरमपेठ
@तर्रीवाला_पोहा, मोठ्या रेझबद्दल पूर्ण सहमत. मी रक्कम पत्त्यांप्रमाणे बदलू नको म्हटलं, टेबलाप्रमाणे बदलायला ना नाही. त्या टेबलावर पाचपट ठरवली तर सगळ्या हातांना पाचपट.

वऱ्हाडी_गडी
मी तीन पत्तीवाला माणूस. आमच्याकडे अमरावती रोडला दिवाळीत आजही चटई पडते, तीन-तीन पिढ्या बसतात. पोकर शिकताना मला सगळ्यात जास्त त्रास तीन पत्तीच्या सवयींनी दिला. तीन पत्तीत पत्ते न पाहता ब्लाइंड खेळलं तर निम्म्या रकमेत भागते, म्हणून छाती पुढे काढून खेळणाऱ्याला फायदा आहे. पोकरमध्ये तसं काहीच नाही. तिथे ब्लाइंड म्हणजे फक्त दोघांवर बसलेली सक्तीची रक्कम. पण आपल्या पोट्ट्यांना वाटते की न घाबरता टिकून राहणं हाच खेळ. टिकून राहणारा पोकरमध्ये रोज थोडा-थोडा झिजतो.

बाकी मला एक अजून समजलं नाही. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने पत्ते) कलरच्या (एकाच चिन्हाचे पत्ते) वर. पोकरमध्ये उलट, फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. हे काऊन बा?

गणित_मास्तर
@वऱ्हाडी_गडी, फार सुंदर प्रश्न. जो हात कमी वेळा येतो तो वर, एवढाच नियम आहे. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 प्रकार होतात. त्यात साधा सिक्वेन्स 720 वेळा आणि कलर 1,096 वेळा. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून वर. पाच पत्त्यांचे प्रकार 25,98,960. त्यात स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. इथे फ्लश दुर्मीळ. पाचही पत्ते एकाच सूटचे जमणं तिघांपेक्षा फारच अवघड, म्हणून क्रम फिरतो.

तीन पत्तीतही एक जागा आहे जिथे हा नियम पाळलेला नाही. ट्रेलचे (तिन्ही पत्ते सारखे) 52 प्रकार आणि प्युअर सिक्वेन्सचे (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) 48, तरी ट्रेल वर. ती परंपरा.

वऱ्हाडी_गडी
मास्तर, जबरदस्त! इतक्या वर्षांच्या दिवाळ्या गेल्या, कोणी सांगितलं नव्हतं. यावर्षी चटईवर पहिले हेच सांगतो.

फुटाळा_फॅन
अवांतर, पण राहवत नाही. इतकं डोकं लावायचंच आहे तर बुद्धिबळ खेळा ना. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली पोरं पटावर बसायला लागली. बुद्धिबळात नशीब नाही. चूक केली की लगेच कळते, सुधारते. शैलीही आपोआप घडते.

मेधा_धरमपेठ
@फुटाळा_फॅन, दिव्याचा अभिमान आम्हालाही तितकाच, आणि तुमच्या प्रतिसादात धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाची दुखरी नस आहे. बुद्धिबळात पट उघडा असतो आणि शिक्षा लगेच मिळते. पोकरमध्ये निर्णय बरोबर असूनही हात जातो. एक्क्याची जोडी राजाच्या जोडीसमोर ऑल-इन गेली (सगळ्या चिप्स लावल्या), याहून चांगली वेळ खेळात येत नाही. तरी पाचातून साधारण एकदा ती हरते. उलट सत्ती-दुर्री धरून बसलेला कधीतरी मोठा पॉट (मधे जमलेल्या चिप्स) नेतो आणि आपण बरोबर खेळलो असं समजून पुन्हा तेच करतो.

म्हणून निकालावरून शैली तपासायची नाही. जिंकण्याचा खरा दर हजारो हातांनंतर कुठे दिसू लागतो, आणि तोवर कोणाचा धीर टिकत नाही. मी सांगते ते करून बघ, किलवरचा_गुलाम. एक वही ठेव. मोठा निर्णय घेताना, हात संपायच्या आधी, एका ओळीत कारण लिही: "तो हलक्या जोडीवरही कॉल करतो म्हणून लावले", असं. आठवड्याने ती ओळ वाच आणि हात जिंकला की हरला ते झाकून ठेव. कारण पटलं तर निर्णय बरोबर. जिथे कारणच लिहिलेलं नाही तिथे तुझी शैली सुटली आहे.

रामदासपेठ_काका
उत्तम धागा. मी ब्रिजवाला. आमच्या डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच वाटलेले पत्ते प्रत्येक टेबलवर फिरतात. त्यामुळे वाईट पत्ते आले ही तक्रार उरत नाही. त्याच पत्त्यांत शेजारच्या टेबलवाल्याने काय केलं, एवढंच बघायचं. धागाकर्त्याची खामल्याची गच्ची आहे ना, तिथे असं करून पाहा: एक हात वाटा, खेळा, संपला की सगळ्यांचे पत्ते उघडा. मग तेच पत्ते तसेच ठेवून जागा बदला आणि प्रत्येकाने सांगायचं, मी या खुर्चीत असतो तर काय केलं असतं. चिप्स नकोत, काड्याही नकोत. एका संध्याकाळी फार हात होणार नाहीत, पण जागेचं महत्त्व त्यातून जितकं मुरेल तितकं ॲपवर मुरणार नाही.

आणि स्वभावाबद्दल. माझ्या अनुभवात शांत माणूस पत्त्यांवर शांत असतोच असं नाही. लागोपाठ दोन हात गेले की खरा माणूस बाहेर येतो. त्यामुळे स्वभावाला शोभणारी शैली निवडा, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. संतापी माणसाला आक्रमक शैली नेहमीच आवडते.

तर्रीवाला_पोहा
काका, आदर ठेवून असहमत. स्वभाव कायमचा दाबता येत नाही. जो माणूस दिवसभर बाजारात घासाघीस करतो त्याला यादी देऊन तासभर गप्प बसवलं तर तो वैतागून एका हातात सगळं घालतो. त्याला थोडी मोकळीक द्या. बटनवर यादी सैल, बाकी ठिकाणी घट्ट.

रामदासपेठ_काका
हे मान्य. मोकळीक जागेवर द्या, रागावर नको.

संत्रानगरी
विषय रंगला आहे, तरी मी पहिला प्रश्न का विचारला ते सांगतो. माझ्या मावसभावाचं असंच "फक्त शिकतो" म्हणून सुरू झालं होतं, तेव्हा हा कायदा नव्हता. हळूहळू पगार जायला लागला, मग उधारी. घरच्यांना कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. त्याला खेळ येत नव्हता असंही नाही, चांगला खेळायचा. थांबता येत नव्हतं. कोणाच्या घरी असं काही चाललं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजू नका.

अजनीकर
संत्रानगरी, हे लिहिलंत ते फार बरं केलं. भाऊ आता कसा आहे?

संत्रानगरी
सावरला आहे. पत्त्यांना हात लावत नाही. रोज सकाळी अंबाझरीला चालायला जातो.

किलवरचा_गुलाम
सगळ्यांचे मनापासून आभार. संत्रानगरी दादा, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला.

मेधाताईंची यादी लावून खेळायला बसलो. एक हात सांगतो, कारण तो डोक्यातून जात नाही. ब्लाइंड 50 आणि 100. मी पहिल्या जागेवर. चौकटचा एक्का, इस्पिकची नव्वी. यादीत नाही, म्हणून फोल्ड. बटनवाल्याने 300 केले, बिग ब्लाइंड कॉल. फ्लॉप आला किलवरचा एक्का, बदामाची नव्वी, चौकटची तिर्री. म्हणजे माझ्या दोन जोड्या झाल्या असत्या! शेवटी बटनवाला एक्का-राणी दाखवून मोठा पॉट घेऊन गेला. अशा वेळी यादीवर विश्वास कसा ठेवायचा?

मेधा_धरमपेठ
हाच हात हवा होता. दोन वेगळे पत्ते असताना फ्लॉपवर दोन्ही लागून दोन जोड्या व्हायची शक्यता 2 टक्के आहे. पन्नास फ्लॉपमध्ये एकदा. तू त्या एका फ्लॉपकडे पाहून राहिला आहेस.

उरलेल्या फ्लॉपमधला नेहमीचा प्रकार बघ: एक्का येतो, नव्वी येत नाही. तुझ्याकडे एक्क्याची जोडी, त्याच्याकडेही एक्क्याची जोडी. त्याचा दुसरा पत्ता राणी, तुझा नव्वी. तू सोडणार नाहीस, कारण एक्का लागला आहे. तिन्ही फेऱ्यांत त्याला चिप्स देत बसशील. एक्का-राणी एक्का-नव्वीला चारातून जवळपास तीनदा हरवते, आणि हरतानाचा पॉट मोठा असतो. पहिल्या जागेवरून तू रेझ केल्यावर जे मागे येतात त्यांच्याकडे असेच पत्ते असतात. त्यामुळे तुझा फोल्ड बरोबरच होता, फ्लॉप काहीही येवो. हेच पत्ते बटनवर आले आणि आधीचे सगळे फोल्ड झाले, तर बेलाशक रेझ कर.

वऱ्हाडी_गडी
ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडला आणि मागून कोणी म्हणालं की चौकार गेला असता, तर पुढच्या चेंडूला बॅट घालायची नसते. सोडला ते बरोबर केलं भाऊ.

अजनीकर
माझाही एक प्रश्न घ्या. टर्नपर्यंत (मधला चौथा पत्ता) माझ्याकडे हातातले आणि मधले मिळून चार बदाम. पॉट 400, समोरच्याने 200 लावले. मी कॉल करू की सोडू? दर वेळी वेगळं करतो.

गणित_मास्तर
तुम्ही 200 देणार, समोर 600 पडलेले. म्हणजे तुमचा हिस्सा 800 मधले 200, चौथा भाग. जिंकायची शक्यता 25 टक्के हवी. न दिसलेले पत्ते 46, त्यात बदाम 9. झाले साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. नुसत्या हिशोबाने फोल्ड.

पण बदाम आल्यावर तो रिव्हरवर (मधला शेवटचा पत्ता) आणखी देणार असेल तर चित्र बदलते. सव्वादोनशेच्या आसपास त्याच्याकडून निघाले की बरोबरी होते. तर्रीवाल्यांच्या टेबलावर ते नक्की निघतील, तिथे कॉल करा. जो माणूस तिसरा बदाम दिसताच पळतो त्याच्यासमोर फोल्ड. फ्लॉपवरून टर्न आणि रिव्हर दोन्ही पत्ते धरून 35 टक्के असतात हे खरं, पण ते दोन्ही पत्ते एकाच किमतीत दिसणार असतील तरच धरायचे. ऑल-इन झालेलं असेल तर.

तर्रीवाला_पोहा
मास्तर, शाब्बास! आणि एक सूचना. फुकट चिप्सचं साधं टेबल सोडून छोट्या टूर्नामेंट खेळा, सहा किंवा नऊ जणांच्या. साध्या टेबलवर चिप्स संपल्या की ॲप पुन्हा देते, म्हणून लोक बेफिकीर असतात. टूर्नामेंटमध्ये संपल्या की बाहेर. लोक जरा विचार करून खेळतात, यादीचा उपयोगही तिथे दिसतो. फक्त ब्लाइंड वाढत जातात हे लक्षात ठेवा. स्टॅक (आपल्या उरलेल्या चिप्स) दहा बिग ब्लाइंडच्या आसपास आला की वाट बघत बसायला जागा उरत नाही, तिथे फ्लॉपच्या आधीच ऑल-इन किंवा फोल्ड.

किलवरचा_गुलाम
ठरलं. सध्या पहिल्या जागेची यादी जशीच्या तशी, बटनवर मोकळीक, रेझ सगळ्यांना सारखा, आणि वही. काका, गच्चीवर जागा बदलून खेळायची कल्पना मित्रांना लगेच पटली, शनिवारी करतो आहोत. मधल्या जागांचं काय करू? आणि स्मॉल ब्लाइंडवर अर्धी रक्कम आधीच गेलेली असते, म्हणून तिथे कॉल करून स्वस्तात फ्लॉप बघावा का?

मेधा_धरमपेठ
मधल्या जागांना पहिल्या यादीत लहान जोड्या, सुटेड राजा-गुलाम, सुटेड राणी-गुलाम आणि ऑफसूट राजा-राणी एवढं जोड. स्मॉल ब्लाइंडवर मोह होतो, पण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुलाच आधी बोलावं लागतं. ती सगळ्यात वाईट जागा आहे. आधी कोणी रेझ केला असेल तर बहुतेक हात सोड, सगळे फोल्ड होऊन फक्त बिग ब्लाइंड उरला असेल तर मधल्या जागेची यादी लावून रेझ कर. शनिवारी गच्चीवर कोणाचे पत्ते कसे पडले ते इथे लिही, आम्ही प्रत्येक खुर्चीतून सांगू.